पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज आणि अपंग विद्यार्थी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाची संहिता)



पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी अर्ज करू लागतो तेव्हा त्याच्यापुढे सर्वांना पडतात तेच प्रश्न उभे राहतात. विषय कोणता, संस्था कोणती, खर्च किती, निवड होईल की नाही. हा विद्यार्थी अपंग असेल तर या प्रश्नांत आणखी एकाची भर पडते आणि तो बाकीच्या सर्व प्रश्नांना व्यापून उरतो : आपल्या अपंगत्वाविषयी कोणाला, केव्हा आणि किती सांगावे? घरची मंडळी एक सांगतात, महाविद्यालयातील शिक्षक दुसरे आणि परदेशी गेलेला एखादा मावसभाऊ तिसरेच. गंमत अशी की, तिघांचेही म्हणणे कोठे ना कोठे बरोबर असते. ते कोठे लागू पडते याचा विचार मात्र झालेला नसतो. आजच्या विवेचनाचा मुख्य रोख याच प्रश्नावर आहे.

प्रथम आपल्या देशाचा विचार करू. १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. अंधत्व, कर्णबधिरत्व, हालचालींचे अपंगत्व हे तर त्यात आहेतच. शिवाय अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, थॅलॅसेमिया, हिमोफिलिया आणि विदर्भातील अनेक कुटुंबांना परिचित असलेला सिकलसेल यांचाही समावेश आहे. ज्याचे अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असल्याचे प्रमाणित झाले आहे, अशांसाठी शासकीय व शासकीय अनुदान घेणाऱ्या उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन या कायद्याच्या ३२ व्या कलमाने घातले आहे. वयोमर्यादेतही पाच वर्षांची सवलत आहे. मात्र हे सर्व मिळते ते अर्जातील त्या एका रकान्यात खूण केली आणि सोबत प्रमाणपत्र जोडले तरच. आपल्याकडे प्रवेश परीक्षेच्या अर्जात रकाना कोरा सोडणाऱ्याला नंतर दाद मागणे अतिशय कठीण जाते. म्हणजे भारतात सांगायचे असेल तर ते आरंभीच सांगावे लागते.

आणि येथेच अनेक घरांतील अडचण सुरू होते. पायाने अधू असलेल्या मुलाचे अपंगत्व लपत नाही, म्हणून त्याचे प्रमाणपत्र निदान निघते तरी. परंतु ज्या मुलीला अपस्मार आहे, ज्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे, ज्याने दुसऱ्या वर्षात तीव्र नैराश्यामुळे एक सत्र गमावले आहे, त्यांच्या घरी ‘कागदावर कशाला आणायचे?’ असा सूर निघतो. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते, नातेवाइकांत चर्चा नको असते. पालकांची ही भीती निराधार आहे असे म्हणणे धाडसाचे ठरेल. आपला समाज कसा आहे हे पालकांना ठाऊक असते. तथापि त्या भीतीची किंमत कोण मोजतो, हेही पाहिले पाहिजे. बौद्धिक कुवत भरपूर असलेला विद्यार्थी तीन तासांच्या परीक्षेत लिहिण्याच्या संथ गतीमुळे मागे पडतो, पुन्हा परीक्षेला बसतो, पुन्हा मागे पडतो आणि अखेरीस आपल्याला विषयच जमत नाही अशी त्याची स्वतःचीच समजूत होऊन बसते. लग्नाच्या बाजारातील एका शंकेपोटी मुलाची अशी समजूत होऊ देणे, हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल.

प्रमाणपत्राच्या बाबतीत काही व्यावहारिक गोष्टी आवर्जून नमूद केल्या पाहिजेत. जिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळापुढे जाण्याचे काम पदवीच्या दुसऱ्या वर्षातच उरकावे. अर्जाची मुदत आठवड्यावर आली असताना नव्हे. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावर मुदत लिहिलेली असते, ती प्रवेशाच्या वेळी उलटून गेलेली नसावी. युडीआयडी ओळखपत्रावरील नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव यांचे स्पेलिंग जुळते का, हे तर अवश्य पाहावे. वडिलांच्या नावातील एका अक्षराच्या फरकासाठी मुलांना तालुक्याच्या ठिकाणाहून जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालाव्या लागतात.

परीक्षेतील सवलतींचेही तसेच आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लेखनिक घेण्यास पात्र असणाऱ्यांना तासाला किमान वीस मिनिटे अधिक वेळ द्यावयास सांगितले, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला एक तास. त्यानंतर ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाविरुद्धच्या एका खटल्यात फार महत्त्वाचा निर्णय दिला. अर्जदाराला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता आणि त्याचे अपंगत्व चाळीस टक्क्यांच्या घरात बसत नव्हते. न्यायालयाने सांगितले की, चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासाठी आहे. परीक्षेला बसण्यासाठी लागणारी वाजवी सोय केवळ त्या अटीवरून नाकारता येणार नाही. या निर्णयानंतर २०२२ मध्ये चाळीस टक्क्यांहून कमी अपंगत्व असलेल्या, परंतु लिहिण्यास अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी स्वतंत्र सूचना निघाल्या. लेखनिक कोणी आणायचा, त्याचे शिक्षण किती असावे यांचे नियम मात्र अधूनमधून बदलतात. म्हणून मागच्या वर्षी ज्येष्ठ विद्यार्थ्याने काय केले यावर विसंबून न राहता त्या वर्षीचे माहितीपत्रक वाचलेले बरे. परीक्षा केंद्रावरील पर्यवेक्षकाला यातले काही ठाऊक नसण्याचा संभव असतो. सवलत मंजूर झाल्याचा कागद छापून जवळ ठेवावा, आणि तो दाखवताना आवाज चढवण्याची गरज नाही.

आता अमेरिकेकडे वळू. कारण येथील अनेक घरांतील मुले तिकडे जाऊ इच्छितात आणि तिकडचा न्याय बरोबर उलटा आहे. तेथे १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे ५०४ वे कलम आणि १९९० चा अपंगांविषयीचा कायदा हे दोन मुख्य आधार आहेत. ५०४ व्या कलमाखालील नियमांनुसार, काही अपवाद सोडता, विद्यापीठाने प्रवेश देण्यापूर्वी अर्जदाराला ‘तुम्ही अपंग आहात काय?’ असे विचारणे निषिद्ध आहे. सांगणे न सांगणे सर्वस्वी विद्यार्थ्याच्या इच्छेवर. प्रवेश निश्चित झाल्यानंतर विद्यापीठातील अपंग विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यालयाकडे कागदपत्रे द्यावयाची आणि सोयी मागावयाच्या. तेव्हा ‘आधी प्रवेश मिळू दे, मग सांगू’ हे आपल्याकडे घातक ठरणारे वाक्य तेथे पूर्णपणे कायदेशीर आणि पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. पाच टक्क्यांसारखी राखीव जागा तेथे नाही, हेही ध्यानात ठेवावे. तेथे अपंगत्व सांगितल्याने प्रवेशाची हमी मिळत नाही आणि न सांगितल्याने कोणताही हक्क बुडत नाही.

जी.आर.ई. परीक्षेबाबत एक जुनी भीती अजूनही ऐकू येते. अधिक वेळ घेतला तर गुणपत्रिकेवर तसा शेरा पडतो, अशी ती भीती. एके काळी हे खरे होते. दोन्ही हात नसलेल्या एका परीक्षार्थीने अशा शेऱ्याविरुद्ध न्यायालयात दावा लावला, तडजोड झाली आणि ऑक्टोबर २००१ पासून हा शेरा बंद झाला. आज अधिक वेळ, अधिक विश्रांती, पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी संगणकप्रणाली, ब्रेल प्रश्नपत्रिका यांपैकी काहीही घेतले तरी विद्यापीठाला ते कळत नाही. अडचण वेगळीच आहे, ती वेळापत्रकाची. सवलतीची मंजुरी आल्यावरच परीक्षेची तारीख घ्यावयाची असते. कागदपत्रे तपासण्यात कित्येक आठवडे जातात आणि एखादा कागद अपुरा निघाला तर पुन्हा तितकेच. बहुतेक विद्यापीठांच्या पीएच.डी. अर्जांची मुदत डिसेंबरच्या आरंभापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत असते. म्हणून तज्ज्ञ डॉक्टरांचा इंग्रजीतील सविस्तर अहवाल मार्च-एप्रिलमध्ये तयार असावा, सवलतीचा अर्ज मे-जूनमध्ये जावा आणि परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हावी. अहवालात नुसते रोगाचे नाव पुरत नाही. त्या विकाराने वाचण्यावर, लिहिण्यावर, बसण्यावर नेमका कोणता परिणाम होतो आणि म्हणून कोणती सोय हवी, हे लिहिलेले असावे. आपल्या विद्यापीठाने परीक्षेत दिलेल्या सवलतीचे पत्र येथे उपयोगी पडते. पण ते बहुतेकांनी फेकून दिलेले असते. कर्णबधिर विद्यार्थ्याला इंग्रजीच्या परीक्षेतील श्रवणाच्या भागातून सूट मागता येते, हेही येथेच सांगितलेले बरे. शिवाय अनेक विभागांनी अलीकडे जी.आर.ई.ची अटच काढून टाकली आहे. परीक्षेच्या तयारीत चार महिने घालवण्यापूर्वी ती हवी आहे का, एवढे तरी पाहावे.

आता अर्जाच्या गाभ्याकडे येऊ. गाभा म्हणजे ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’, ज्याला आपण उद्देशपत्र म्हणू. येथे अपंगत्वाचा उल्लेख करावा काय? याला एकच उत्तर नाही, परंतु एक कसोटी आहे : त्या उल्लेखाने वाचणाऱ्या प्राध्यापकाला अर्जदाराच्या अभ्यासाविषयी काही नवे कळते काय? कर्णबधिर विद्यार्थिनी खुणांच्या भाषेच्या व्याकरणावर संशोधन करू इच्छिते. तिची ती रोजची भाषा आहे, हे तिने सांगितले नाही तर तिचे पत्र अपुरे राहील. उलट सेंद्रिय रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला पोलिओ झाला होता, याचा त्याच्या रेणूंशी काही संबंध नाही. तो उल्लेख गाळल्याने काहीही बिघडत नाही.

तिसरी परिस्थिती अवघड. शस्त्रक्रियेमुळे किंवा आजारामुळे एखाद्या सत्राचे गुण घसरलेले असतात आणि काहीच न सांगितले तर वाचणारा भलताच अर्थ काढतो. अशा वेळी आपल्याकडील विद्यार्थी काय लिहितात? ‘नियतीने माझ्यावर क्रूर आघात केला, परंतु मी खचलो नाही’ या धर्तीची अर्धे पान भरणारी वाक्ये. समारंभातील भाषणात ती कदाचित शोभतील. प्रवेश समितीपुढे ती अर्जदाराचे नुकसान करतात, कारण त्यांतून काय घडले हे कळत नाही आणि पुढे काय घडेल याविषयीची शंका तेवढी वाढते. त्याऐवजी पुढीलसारखी तीन वाक्ये पुरतात : ‘तिसऱ्या सत्रात मणक्याच्या शस्त्रक्रियेमुळे सहा आठवडे अनुपस्थित होतो. त्या सत्रातील दोन विषयांचे गुण कमी आहेत. चौथ्या सत्रापासून प्रयोगशाळेत बसून काम करण्याची व्यवस्था केली आणि त्यापुढील सर्व सत्रांत प्रथम श्रेणी मिळवली.’ घटना, परिणाम, उपाय. यात दया मागितलेली नाही आणि काही लपवलेलेही नाही. काही विद्यापीठे वैयक्तिक पार्श्वभूमीसाठी वेगळे पत्र मागतात. तेथे थोडे विस्ताराने लिहिता येते. पण तेथेही आपण काय सोसले यापेक्षा आपण काय केले याला अधिक जागा द्यावी. सोसण्याचे वर्णन वाचून वाचणाऱ्याचे डोळे पाणावतील. पुढील पाच वर्षे आपल्या प्रयोगशाळेत कोणाला घ्यावयाचे याचा निर्णय मात्र तो अन्य गोष्टींवरून करील.

उद्देशपत्र निदान विद्यार्थ्याच्या हाती असते. शिफारसपत्र नसते, आणि अपंग विद्यार्थ्याचे खरे नुकसान बहुधा तेथेच होते. आपले प्राध्यापक मनाने चांगले असतात. त्यांना विद्यार्थ्याचे कौतुक वाटते आणि म्हणून ते लिहितात की, हा विद्यार्थी अंध असूनही अत्यंत नम्र, कष्टाळू व आज्ञाधारक आहे. या एका वाक्याने तीन गोष्टी घडतात. विद्यार्थ्याने न सांगितलेले अपंगत्व त्याच्या संमतीवाचून उघड होते. त्याच्या विषयज्ञानाबद्दल एक अक्षरही लिहिले जात नाही. आणि ‘असूनही’ या शब्दाने त्याच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती हे सूचित होते. अमेरिकेत शिफारसपत्र पाहण्याचा हक्क अर्जदार सहसा सोडून देतो, त्यामुळे काय लिहिले गेले हे त्याला कधी कळतही नाही. म्हणून पत्र मागण्याच्या वेळीच, सप्टेंबरमध्ये, सरांना किंवा मॅडमना भेटून स्पष्ट बोलावे. सोबत एक पानभर टिपण द्यावे : त्यांच्या वर्गात कोणता प्रकल्प केला, कोणता प्रश्न कसा सोडवला, प्रयोगशाळेत कोणते काम स्वतः केले आणि कोणत्या कामासाठी कोणती युक्ती योजली. आणि विनयाने सांगावे, ‘सर, माझ्या दृष्टीविषयी आपण लिहू नये अशी माझी विनंती आहे’, किंवा उलट, ‘मॅडम, मी सूक्ष्मदर्शकाचे काम कसे करतो हे आपण लिहिलेत तर बरे होईल.’ मोठ्यांना असे सांगणे उद्धटपणाचे वाटते खरे. परंतु ज्या प्राध्यापकाला विद्यार्थ्याचे भले व्हावे असे वाटते तो यावर रागावत नाही, आणि जो रागावेल त्याच्याकडून पत्र न घेतलेलेच बरे.

येथे गिरात व्हर्मे या शास्त्रज्ञाची हकीकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. व्हर्मे यांचा जन्म १९४६ मध्ये नेदरलँड्समध्ये झाला. जन्मजात काचबिंदूमुळे वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. पुढे कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सी येथे स्थायिक झाले. शाळेत शिक्षिकेने फ्लोरिडाहून आणलेले शंख वर्गात मांडून ठेवले होते, ते हाताळताना या मुलाला शंखांचा जो नाद लागला तो आजन्म टिकला. प्रिन्स्टन येथून १९६८ मध्ये पदवी घेताना त्यांनी येल विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज केला. मुलाखतीला गेले तेव्हा तेथील प्राध्यापकांना अंध मनुष्य जीवशास्त्रात काय करणार हे कळेना. त्यांनी व्हर्मे यांना संग्रहालयात नेले आणि एक शंख हाती देऊन हा कोणता, असे विचारले. व्हर्मे यांनी बोटांनी त्यावरच्या कंगोऱ्यांचा, तोंडाचा आणि शेंड्याचा अंदाज घेतला व तो हार्पा असल्याचे सांगितले. दुसरा गुळगुळीत शंख दिला, तो ऑलिव्ह म्हणून ओळखला, जातीसह. प्राध्यापकांचा सूर तेथल्या तेथे पालटला. १९७१ मध्ये व्हर्मे यांनी डॉक्टरेट मिळवली. शंखांवर खेकड्यांनी केलेल्या हल्ल्यांच्या आणि नंतर भरून आलेल्या कवचाच्या खुणा बोटांनी तपासत त्यांनी भक्षक व भक्ष्य यांच्यातील लाखो वर्षांच्या स्पर्धेचा सिद्धांत मांडला. १९९२ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

ही हकीकत सांगून बहुतेक वक्ते टाळ्या घेतात व पुढे जातात. वास्तविक तिच्यातील अन्याय पाहिला पाहिजे. डोळस उमेदवाराच्या हाती त्या दिवशी कोणी शंख दिला नसता. ५०४ वे कलम १९७३ चे. १९६८ मध्ये व्हर्मे यांच्या पाठीशी कोणताही कायदा नव्हता. आज अशी परीक्षा घेणे योग्य नाही आणि विद्यार्थ्याने ती मुकाट्याने सोसावी असेही नाही. तरीसुद्धा मुलाखतीत ‘हे काम तुम्ही कसे करणार?’ हा प्रश्न, उघडपणे नाही तर आडून, आजही येतो. त्यावेळी कायद्याचे कलम सांगण्यापेक्षा काम कसे करतो ते सांगता येणे अधिक उपयोगाचे. संगणकावर गणिती मजकूर लॅटेक्समध्ये वाचतो, एनव्हीडीए ही मोफत प्रणाली वापरतो, टायट्रेशनमध्ये रंगबदलाऐवजी विद्युतवाहकता मोजतो. अशी उत्तरे तयार असावीत, आणि ती तयार असण्यासाठी पदवीच्या काळात हे काम खरोखर केलेले असावे लागते. दुर्दैवाने आपल्या कित्येक महाविद्यालयांत अपंग विद्यार्थ्याला ‘तू नुसता बस, जर्नल पूर्ण करून देऊ’ असे प्रेमाने सांगितले जाते. त्या प्रेमाला नकार दिला पाहिजे.

विषयाच्या निवडीतही असेच प्रेम आडवे येते. ब्रेलमधील गणितलेखनाची पद्धत निर्माण करणारे अब्राहम नेमेथ यांना तरुणपणी, अंध माणसाला गणित कसे जमणार, असे सांगून मानसशास्त्राकडे वळवण्यात आले होते. त्यात पदवी घेऊनही मनासारखी नोकरी मिळेना. तेव्हा त्यांच्या पत्नीने विचारले की, बेकारच राहायचे असेल तर बेकार मानसशास्त्रज्ञ होण्यापेक्षा बेकार गणितज्ञ झालेले काय वाईट? ते गणिताकडे परतले आणि पुढे डेट्रॉइट येथे अनेक वर्षे गणिताचे प्राध्यापक होते.

राहता राहिला संस्थेच्या निवडीचा आणि पैशाचा प्रश्न. केंद्र शासनाची अपंग विद्यार्थ्यांसाठी परदेशी उच्च शिक्षणाची स्वतंत्र शिष्यवृत्ती आहे. जागा वर्षाला वीस, त्यांपैकी सहा विद्यार्थिनींसाठी. जागा थोड्या आहेत, पण त्यांच्याविषयी माहिती असलेलेही थोडेच. अमेरिकेत पीएच.डी.ला प्रवेश मिळाला तर बहुधा फी माफ होते आणि निर्वाहवेतन मिळते, म्हणून खर्चाच्या भीतीने केवळ एम.एस.चाच विचार करण्याचे कारण नाही. परंतु एक बाब पालकांनी नीट समजून घ्यावी. विद्यापीठ वर्गात खुणांच्या भाषेचा दुभाषा देईल, पुस्तके वाचनीय स्वरूपात देईल, परीक्षेला वेळ देईल. सकाळी अंथरुणातून उठवणारा, आंघोळ घालणारा मदतनीस देण्याचे बंधन मात्र त्याच्यावर नाही. तेथील नियमांत वैयक्तिक सेवा स्पष्टपणे वगळल्या आहेत. घरी आई जे करते त्याची किंमत तेथे डॉलरमध्ये मोजावी लागते. ज्यांना अशी मदत लागते त्यांनी अर्ज पाठवण्यापूर्वीच विद्यापीठाच्या अपंगविषयक कार्यालयाला लिहावे. हे कार्यालय प्रवेश समितीपासून वेगळे असते, तेव्हा तेथे विचारल्याने अर्जावर परिणाम होत नाही. वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंत व्हीलचेअरने जाता येते का, हिवाळ्यात बर्फ पडल्यावर तो रस्ता केव्हा मोकळा होतो, विद्यार्थ्यांच्या आरोग्यविम्यात चाकाच्या खुर्चीची दुरुस्ती बसते का, नेहमीची औषधे तेथे कोणत्या नावाने व काय भावाने मिळतात, हे सर्व विचारून घ्यावे आणि उत्तरे लेखी घ्यावीत. आर्थिक साहाय्यासह प्रवेश देणाऱ्या बहुतेक विद्यापीठांना उत्तर देण्यास विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रवेशाची पत्रे आल्यापासून त्या तारखेपर्यंतचे आठवडे या चौकशीसाठी आहेत, आणि त्या आठवड्यांत पालकांनी फोन विद्यार्थ्याच्या हाती द्यावा.